रस्ता अण्णांचा, घर बायांचं

मैत्रिणींनो, पुण्यात राहून कर्वे रस्त्यावरून कधी गेली नाही अशी बाई शोधून सापडायची नाही. मुलीला क्लासला सोडायचं असो, कोथरूडच्या नणंदेकडे बारशाला जायचं असो, नाहीतर नुसतंच चार दुकानं पालथी घालायची असोत, रस्ता हाच. तुम्ही बाहेरगावच्या असाल तर तुमच्याही कानावर या रस्त्याचं नाव आलेलं असेल, आणि बहुतेक वेळा तिथल्या गर्दीला शिव्या घालतानाच आलेलं असेल. २०२२ च्या मार्चमध्ये वनाजपासून गरवारे कॉलेजपर्यंत मेट्रो सुरू झाली. आता नळ स्टॉपला तर खाली रस्ता, त्यावर पूल आणि पुलावर मेट्रो अशी तीन मजली उतरंड रचलेली दिसते. खालच्या मजल्यावर रिक्षात बसून आपण मात्र सिग्नलचे आकडे मोजत असतो.

या रस्त्याच्या पोटात एक जुनी पायवाट आहे. ती मला दाखवली माझ्या सासूबाईंनी, तीही त्यांच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी.

सासूबाई मूळच्या संगमेश्वराकडच्या. लहानपणी आई गेली, वडिलांना तीन मुलींचं करणं जमेना, म्हणून ही मधली हिंगण्याच्या वसतिगृहात आली. ही गोष्ट १९४९ ची. पुढे पुण्यातच लग्न झालं, पुण्यातच संसार झाला. पण "माझं माहेर कुठलं?" असं कुणी विचारलं की त्या संगमेश्वर सांगत नाहीत. हिंगणे सांगतात. गेली तीन वर्षं त्यांचं एकच टुमणं चाललं होतं, "एकदा मला हिंगण्याला ने गं." आणि माझं ठरलेलं उत्तर, "पुढच्या रविवारी जाऊ हं आई." तुम्हाला सांगायला नको, आपल्या घरात पुढचा रविवार कधी उजाडत नाही. कुणाचा पाहुणा, कुणाची परीक्षा, नाहीतर गव्हाचं पोतं तरी येऊन पडलेलं असतं.

मग या दिवाळीनंतर एके सकाळी त्यांनी मला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाक मारली. लक्षात आल्यावर हसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा मारली, आणि या वेळी लक्षात आलं नाही. मी पोळ्या अर्धवट टाकून ओट्याशी तशीच उभी राहिले. म्हटलं, आता रविवारची वाट बघण्यात अर्थ नाही. मंगळवारीच निघालो.

सदाशिव पेठेतून रिक्षा केली. लकडी पुलावरून डेक्कन, तिथून गरवारे कॉलेज, नळ स्टॉप, पौड फाटा आणि मग कर्वे पुतळा. वाटेत सासूबाई बाहेर बघत होत्या आणि काहीच ओळखू येत नसल्यासारख्या गप्प होत्या. पुतळ्यापाशी आल्यावर मात्र सरसावून बसल्या. "हे बघ, अण्णा," म्हणाल्या. जणू वाटेत ओळखीचं माणूसच भेटलं.

अण्णा म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. त्यांची ओळख तुम्हाला मी काय करून देणार? शाळेच्या पुस्तकात धडा होताच. १८५८ चा जन्म, १९६२ साली मृत्यू, शंभराव्या वर्षी भारतरत्न. विधवांसाठी आश्रम काढला, बायकांसाठी विद्यापीठ काढलं. आणि चालणं तर असं, की मुरूडहून साताऱ्याला परीक्षेसाठी घाट चढून पायी गेले, आणि वयानं लहान दिसतोस म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही, तसे परत आले. हा मुलगा पुढे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला लागला आणि कॉलेजचं काम आटोपलं की गावाबाहेर चारेक मैलांवरच्या हिंगण्याला पायी जाऊ लागला. ऊन असो, पाऊस असो, पायाखाली चिखल असो. तिथल्या झोपडीतल्या विधवांना शिकवायचं, त्यांचं सामानसुमान पोचवायचं आणि परत फिरायचं. आज आपण ज्याला कर्वे रस्ता म्हणतो तो त्या चालण्याच्या बाजूनेच गेलेला आहे.

हे सगळं आपल्याला पाठ आहे. मला मात्र रिक्षात बसल्याबसल्या भलताच प्रश्न पडला. अण्णा चालत हिंगण्याला जात होते, तेव्हा घरी कोण होतं?

घरी बाया होत्या.

नाव वाचून घोटाळा करून घेऊ नका. पुष्कळ बायका असा अर्थ नाही, एकाच बाईचं हे घरगुती नाव. माहेरची गोदूबाई जोशी, देवरुखची. सासरी आनंदीबाई कर्वे. पण सगळ्यांच्या तोंडी बाया. खरं सांगायचं तर एका बाईत दहा बायकांचं काम होतं, त्यामुळे नाव चुकलं असंही म्हणवत नाही.

गोदूचं आठव्या वर्षी लग्न झालं आणि तीन महिन्यांत नवरा गेला. आठ वर्षांच्या मुलीला नवरा गेला म्हणजे काय गेलं हे तरी काय कळणार? पण घरच्यांना कळत होतं, गावाला कळत होतं. पुढची कितीतरी वर्षं ती सासरी राबली. तिचा भाऊ नरहरपंत मुंबईला शिकत होता. त्याचं आणि कर्व्यांचं बिऱ्हाड एकत्र होतं. त्यानं मनावर घेतलं आणि बहिणीला मुंबईला आणलं. त्या काळी कोकणातून मुंबई म्हणजे बोटीचा प्रवास. कोकणातल्या विधवेनं समुद्रावरून शिकायला जायचं! आपली मुलगी आज अमेरिकेला जाते तेव्हा निदान विमानतळावर पेढे तरी वाटतो आपण.

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू केलं, आणि तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे आपली गोदू. विशी ओलांडलेली बाई मुळाक्षरांपासून सुरुवात करायला बसली. १८९० मध्ये सदन पुण्याला हललं, तशी गोदूही पुण्यात आली. ती पुणेकरीण झाली ती अशी, अंगावर वैधव्य आणि हातात पाटी घेऊन.

इकडे १८९१ मध्ये कर्व्यांची पहिली बायको राधाबाई वारली. मागे मुलगा रघुनाथ. मुंबईच्या त्या एकत्र बिऱ्हाडामुळे गोदूनं राधाबाईंना पाहिलेलं होतं, रघुनाथालाही. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तेहतीस वर्षांच्या बिजवराला दहाबारा वर्षांची मुलगी सहज मिळाली असती. कर्वे म्हणाले, करीन तर विधवेशीच. हे ज्यांच्यापाशी म्हणाले ते होते गोदूचे वडील, बाळकृष्णपंत. लेकीला भेटायला पुण्याला आले होते. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. मला मात्र त्या म्हाताऱ्या बापाचं फार वाटतं. बोलणी करणारा बाप आपण पुष्कळ पाहिलेत, पण विधवा लेकीसाठी, त्या काळात, देवरुखच्या भिक्षुकी वळणाच्या माणसानं? परत गावात जाऊन तोंड दाखवायचं होतं त्याला.

११ मार्च १८९३ ला पुण्यात लग्न झालं. शारदा सदन उघडलं तीच तारीख, चार वर्षांनंतरची. ठरवून केलं असेल की योगायोग असेल, मला ही तारीख आवडते.

लग्नानंतर मुरूडच्या गावकऱ्यांनी सभा घेऊन बहिष्कार घातला. कर्व्यांना थारा द्याल तर तुम्हीही वाळीत, असं घरच्यांना बजावलं. सासरी जायचं, सासूच्या पाया पडायचं, नणंदेशी बोलायचं, एवढ्यालाही मुकावं लागलं. आपण सासरच्या नावानं कितीही बोटं मोडली तरी ते दार आपल्याला उघडं असतं.

हे मी सासूबाईंना सांगत होते, म्हणजे माझ्या पुस्तकी शहाणपणानं. त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे मला. आम्हाला सांगायचे." थोडं थांबून म्हणाल्या, "अण्णांचं सांगायचे. त्यांचं नाही सांगायचे कुणी."

रिक्षा पुतळ्यावरून डावीकडे वळली आणि आम्ही कर्वेनगरात शिरलो. हिंगणे बुद्रुक हे नाव आता जुन्या कागदांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरलं आहे. दोन्ही बाजूंनी इमारती, खाली मोबाईलची आणि केकची दुकानं. सासूबाईंना ते पटेना. "इथं शेतं होती," असं त्या रिक्षावाल्याला तीनदा म्हणाल्या. तोही बिचारा तीनदा "असतील आजी" म्हणाला.

महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं आवार मोठं आहे. शाळा, वसतिगृहं, मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेजसुद्धा. सकाळची वेळ होती, मुलींचे लोंढेच्या लोंढे. पाठीला सॅक, हातात फोन, मोठ्यानं हसणं. सासूबाईंचा हात मी घट्ट धरला होता, न जाणो धक्का लागायचा. एका मुलीनं आपणहून विचारलं, "आजी, कुठं जायचंय?" आजी म्हणाल्या, "झोपडीकडे." त्या मुलीनं बरोबर दिशा दाखवली. मला बरं वाटलं.

ती झोपडी संस्थेनं जपून ठेवली आहे. १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम निघाला. पुढे प्लेगाचे दिवस आले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला जागा दिली, आणि १९०० साली तिथं झोपडी उभी राहिली. तिच्यातच विधवांचं शिकणं, राहणं, रांधणं, सगळं. तिच्यासमोर उभं राहिलं की पहिली गोष्ट मनात येते ती ही, की एवढीशी? आणि दुसरी, माझ्यासारख्या बाईच्या मनात, की पावसाळ्यात इथं चूल कशी पेटत असेल?

पण या झोपडीत बायांना जागा नव्हती. ते ऐकून तुमच्याही पोटात तुटेल, माझ्याही तुटलं.

कारण असं झालं. विधवा मुलींना आश्रमात पाठवायला लोक आधीच तयार नव्हते. तिथं गेली की तिचं दुसरं लग्न लावून देतील, ही भीती. म्हणून कर्व्यांनी ठरवलं, आश्रमात फक्त शिक्षण. पुनर्विवाहाचा विषयच काढायचा नाही. पुनर्विवाहाच्या मंडळीचं कामसुद्धा त्यांनी अंगाबाहेर टाकलं. हिशेब बरोबरच होता, त्याशिवाय आश्रम टिकला नसता. पण संस्थापकाची बायको स्वतःच पुनर्विवाहित! ती आश्रमात वावरली तर लोक काय म्हणतील? तेव्हा तिनं लांबच राहावं. हिंगण्याला गेली तरी तिचं जेवणखाण वेगळं, इतरांच्या पंक्तीला नाही. विधवांसाठी काढलेल्या घरात, एकेकाळच्या विधवेलाच परकं. ही सल बायांनी लपवलेली नाही. म्हातारपणी त्यांनी आपल्या आठवणी सांगितल्या, त्यांच्या धाकट्या सूनबाई कावेरीबाईंनी त्या संपादित केल्या आणि १९४४ साली 'माझे पुराण' या नावानं पुस्तक निघालं. नाव बघा कसं दिलंय. आपण नाही का म्हणत, "पुरे झालं तुझं पुराण"? तसंच, दुसऱ्यानं हसण्याआधी स्वतःच हसून घेतलेलं.

आणखी एक गंमत, गंमत तरी कशी म्हणू? याच आश्रमाचा सगळा कारभार पुढे ज्यांनी सांभाळला त्या पार्वतीबाई आठवले म्हणजे बायांची सख्खी धाकटी बहीण. त्याही विधवा झाल्या, पदरात मुलगा. थोरल्या बहिणीच्या आधारानं पुण्याला आल्या, शिकल्या आणि आश्रमाच्या कामाला लागल्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं, म्हणून त्यांना आश्रमाची दारं उघडी. १९१८ साली या पार्वतीबाई इंग्रजी शिकायला आणि आश्रमासाठी पैसे जमवायला अमेरिकेला गेल्या, आणि तिथं पोटासाठी लोकांच्या घरी धुणंभांडी, स्वयंपाकपाणी केलं. एकाच आईच्या दोन मुली, दोघी देवरुखच्या, दोघी पांढऱ्या कपाळाच्या. धाकटीनं लग्न केलं नाही म्हणून तिला मान. थोरलीनं केलं म्हणून तिचं पान वेगळं. आणि तरीही धाकटीला पुण्यात आणून पायावर उभं राहायला आधार दिला तो थोरलीनंच.

आता घरखर्चाकडे वळू, कारण त्याशिवाय आपलं समाधान व्हायचं नाही. फर्ग्युसनच्या आजीव सभासदाला तेव्हा पगार महिना पंचाहत्तर रुपये. त्यात संसार. रघुनाथ होताच, त्याच्या पाठीवर शंकर, दिनकर आणि भास्कर अशी तीन मुलं. शिवाय येणारेजाणारे, नातलगांची शिकायला राहिलेली मुलं. आणि या पंचाहत्तरातून अण्णांचा हात आश्रमाकडे सढळ. त्यांनी पाच हजारांची विम्याची पॉलिसी घेतलेली होती, आपल्यामागे बायकामुलांना आधार म्हणून. तीसुद्धा त्यांनी आश्रमाला देऊन टाकली.

मैत्रिणींनो, जरा क्षणभर पोळपाट बाजूला ठेवा आणि हे डोळ्यांपुढे आणा. नवरा घरी येतो आणि सांगतो, विमा दिला. तुम्ही काय केलं असतं? मी तर आठवडाभर बोलले नसते. बायांनाही राग आला, दुःख झालं. त्यांनी ते गिळून टाकलं नाही, भांडल्या. म्हणून तर मला त्या आवडतात. नुसत्या सोशीक देवीच्या मूर्ती असत्या तर मी एवढी पायपीट करून त्यांच्या मागे आले नसते. भांडून झाल्यावर मात्र बायांनी पदर खोचला. सुईणपण त्या शिकल्या होत्या, चार पैसे मिळवण्याची अक्कल आणि हिंमत अंगात होती, मुलांच्या पोटाला त्यांनी कमी पडू दिलं नाही. आणि ज्या आश्रमानं त्यांना पंक्तीला घेतलं नाही त्याच्यासाठी पुढे त्या स्वतः दारोदार वर्गणी गोळा करत हिंडल्या. हे का केलं असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. मला उत्तर सापडलेलं नाही. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आपल्याच घरचं काम होतं ना ते." त्यांच्या दृष्टीनं विषय संपला.

मुलं तरी कसली निघाली म्हणता! सावत्र म्हणायला जीभ वळत नाही असा रघुनाथ. संततिनियमनाचं केंद्र त्यांनी १९२१ साली मुंबईत काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, कोर्टकचेऱ्या सोसल्या. ज्या गोष्टींचा उच्चार आपल्या आयांनी पदराआडून केला नाही, त्या त्यांनी छापून काढल्या. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत मोंबासाला गेले. दिनकर रसायनशास्त्र शिकून फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. भास्कर आणि कावेरीबाई हिंगण्याच्या कामातच राहिले.

आणि दिनकरांची बायको म्हणजे इरावती. ही सून ब्रह्मदेशात जन्मली, तिथल्या इरावती नदीवरून तिचं नाव ठेवलेलं. सात वर्षांची असताना शिकायला पुण्याला आली, रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढली. लग्नानंतर जर्मनीला जाऊन पीएच्‌. डी. करायचं म्हणाली तेव्हा खुद्द अण्णांचा विरोध होता. बायकांसाठी विद्यापीठ काढणारे सासरे, आणि सुनेनं परदेशी शिकायला नको! (पुरुषांचं हे असं असतं, अगदी महर्षींचंसुद्धा.) नवरा पाठीशी उभा राहिला आणि ती गेलीच. पुढे डेक्कन कॉलेजात शिकवलं, माणसांच्या जातीजमाती, नातीगोती हिंडून अभ्यासली, 'युगान्त' लिहिलं. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्या अगदी पहिल्या बायकांत त्यांची गणना होते. त्यांच्या लेकी जाई निंबकर आणि गौरी देशपांडे यांच्या कथाकादंबऱ्या तुमच्यापैकी कितीतरी जणींनी दुपारी आडवं होऊन वाचल्या असतील.

मनात जुळणी करून बघा. देवरुखहून पाटी घेऊन निघालेली ती गोदू. तिची बहीण अमेरिकेत भांडी घासून आलेली, मुलगा आफ्रिकेत, एक सून ब्रह्मदेशात जन्मलेली आणि जर्मनीत शिकलेली. आणि या सगळ्यांच्या मधोमध ही म्हातारी, पुण्यात.

झोपडीपाशी एका कट्ट्यावर आम्ही बसलो. डब्यात मी गूळपोळी नेली होती, थर्मासमध्ये चहा. सासूबाईंनी वसतिगृहातलं सगळं सांगितलं. पहाटे उठवायचे ती घंटा, थंड पाण्याची अंघोळ, पानात मिळणारी आमटी आणि तिच्यात डाळ शोधायचा खेळ, आणि दिवाळीत भाऊबीज गोळा करणाऱ्या बाई पुण्यातल्या घरोघरी जात तेव्हा आपल्यालाही कुणी भाऊ आहेत असं वाटायचं ते. अण्णांना त्यांनी पाहिलं होतं. नव्वदी उलटलेले अण्णा, सावकाश चालत येणारे. मुली रस्त्याच्या कडेला उभ्या राहून नमस्कार करायच्या. ते सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता.

मी विचारलं, "आणि बाया? १९५० साली गेल्या त्या. म्हणजे तुम्ही आलात तेव्हा होत्या की."

त्या गप्प झाल्या. मला वाटलं, ऐकू आलं नाही. म्हणून पुन्हा विचारणार तोच म्हणाल्या, "आठवत नाही गं."

"काहीच नाही?"

"असतील तिथंच कुठेतरी. आम्ही अण्णांकडे बघायचो." हातातला गूळपोळीचा तुकडा तसाच राहिला होता. "म्हातारी बाई होती, पदर घेतलेली, आमच्याच कोकणातली. जवळून गेलीही असेल. मी पाहिली नाही." मग बराच वेळानं, जरा चिडूनच, "कुणी दाखवली का नाही मला?"

मला काही सुचेना. मी चहा ओतला. त्यांनी तो प्यायला नाही.

बाया गेल्या तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात होत्या. भारतरत्न त्यांनी पाहिलं नाही, ते १९५८ साली झालं. अण्णा त्यांच्यामागे आणखी बारा वर्षं जगले. आता संस्था बायांच्या नावानं दर वर्षी एक पुरस्कार देते, काम करणाऱ्या बाईला. चांगली गोष्ट आहे. रस्ता, नगर, पुतळा मात्र अण्णांचे.

तुम्हाला जायचं झालं तर सकाळीच जा, उन्हं चढायच्या आत. आवारात शिक्षणसंस्था चालते, तेव्हा फाटकावर सांगून, विचारून आत जावं. म्हातारं माणूस बरोबर असेल तर रिक्षा थेट फाटकापर्यंत न्या. पाण्याची बाटली घ्या, आणि जमलं तर आधी 'माझे पुराण' वाचून जा. मी ते नंतर वाचलं असतं तर नुसती झोपडी बघून आले असते.

परतताना पुतळ्यापाशी सिग्नल लागला. सासूबाईंनी रिक्षावाल्याच्या खांद्यावर बोट टोचलं. "हे कोण, माहीत आहे का रे?"

"कर्वे ना, आजी."

"आणि यांची बायको?"

त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"गोदू," सासूबाई म्हणाल्या. "देवरुखच्या जोश्यांची. लक्षात ठेव."

त्याला महिना होऊन गेला. 'माझे पुराण' मी त्यांच्या उशाशी ठेवलंय. दुपारी भिंग घेऊन दोन पानं वाचतात, मग डोळा लागतो. काल कणीक मळताना त्यांनी आतून विचारलं, "अगं, गोदू मुंबईला पोचली का?" म्हटलं, "आई, तुम्हीच तर वाचताय." "हो का," म्हणाल्या. पानं उलटल्याचा आवाज आला. जाऊन बघितलं तर पुन्हा पहिल्या पानावर, देवरुखात.